ओन्नोची नवी जागा

आमच्या ल्युबेकच्या अग्निशमन ठाण्यात बंबातली जागा ठरली की काम ठरलं. मागच्या बाकावर दाराशी बसणारे दोघं पाठीला हवेची टाकी लावून धुरात घुसतात, मी पुढे बसून हुकूम सोडते आणि चालक पंप सांभाळतो. तिथे पोचल्यावर कोणी कोणाला विचारत बसत नाही.

ओन्नोनं सगळी नोकरी दाराशी काढली. मला धुरात रांगायला त्यानंच शिकवलं, आणि शिव्या घालायलाही. यंदाच्या तपासणीत मात्र डॉक्टरांनी त्याच्या हृदयाचे ठोके ऐकून मान हलवली. आता आत जायचं नाही म्हणाले. उरली चालकाची जागा, नाहीतर कंट्रोल रूममधली खुर्ची.

"त्या खुर्चीत मी आठवड्यात मरेन, फ्राउके," तो म्हणाला.

त्याला एक पाळी पंपावर बघायचं आणि वरिष्ठांना कळवायचं, हे नेमकं माझ्याच गळ्यात पडलं.

दुपारी ताटं वाढली आणि घंटा झाली. बेकरीच्या वरच्या मजल्यावर एक स्वयंपाकघर पेटलं होतं. ओन्नोनं बंब असा उभा केला की मागून येणाऱ्या शिडीच्या गाडीला बरोबर जागा राहिली. मला हायसं वाटलं. तेवढ्यात पठ्ठ्या खाली उतरला, पाइप खांद्यावर टाकला आणि दाराशी बसलेल्या ट्यार्क आणि लीनाच्या मागोमाग थेट जिन्याकडे!

"ओन्नो! पंपावर कोण, माझी आजी?"

तो जागच्या जागी थिजला. मग पाइप टाकून पंपाकडे जो पळत सुटला! ट्यार्कनं वरून पाणी मागितलं तेव्हा पाणी तयार होतं, जोरही हवा तेवढाच. आग विझली. शेजारच्या खोलीतली म्हातारी शिडीवरून मांजरासकट खाली आली.

ओन्नो पंपापाशी चेहरा पाडून उभा होता.

"कळवून टाक. मी खुर्चीत बसतो. पाय ऐकत नाहीत माझे."

"पंपाला बांधून ठेवू की म्हातारबाला," ट्यार्क खाली येत म्हणाला.

"तू गप रे!" मी ट्यार्कला दटावलं.

मला ओन्नोचा राग आला होता आणि त्याच्यावर मायाही दाटून आली होती. चुकला खरा, पण हाकेसरशी परतला, आणि वर पोरांचा पाइप क्षणभरही कोरडा पडला नाही. आमच्या ठाण्यात चुकणाऱ्यानं पुढच्या पाळीला घरी केलेला केक आणायचा असतो. यातून कोणीच सुटलेलं नाही, मीसुद्धा.

"सफरचंदाचा आण," मी म्हटलं. "दालचिनी भरपूर घाल."

"कधी?"

"पुढच्या पाळीला. कधी म्हणजे काय!"

"पुढच्या पाळीला मी आहे?"

"तू नसशील तर केक काय बंब आणणार?"

तो हातमोज्यानं डोळे पुसायला लागला. डोळ्यांत धूर गेला म्हणाला. पंपापाशी धुराचा मागमूस नव्हता.

"हो ना, फारच धूर आहे इथे," मी म्हटलं, आणि माझेही पुसले.