हीव

"काच लावी ल्या ना," सुंदरा म्हणाली. गाडीच्या चारही काचा केव्हाच लावलेल्या होत्या.

धुडकूनं तरी काचेचं हँडल फिरवल्यासारखं केलं, तिला बरं वाटावं म्हणून. डायलिसिस संपवून ती नुकतीच हॉस्पिटलबाहेर आली होती. अंगात स्वेटर, त्यावर शाल, त्यावर जुनी चादर. तरी तिचे दात वाजत होते. बाहेर श्रावणातलं दमट सुरत उकडत होतं, माणसं मानेवरचा घाम पुसत चालली होती, आणि इथे त्याची बायको मुटकुळं करून बसली होती.

"माले हीव लागस," ती म्हणाली. "हाडंमा शिरी जास."

मशीनमधून फिरून आलेलं रक्त गार होऊन परत येतं, असं नर्सनं सांगितलं होतं. उन्हाळ्यात धुडकूनं त्यावर उपाय काढला होता. गाडी मुद्दाम उन्हात लावायची. दुपारपर्यंत आत भट्टी व्हायची आणि सुंदरा त्या भट्टीत सुखानं डोळे मिटून बसायची. आता कित्येक दिवस ऊनच नव्हतं.

त्यानं हीटरचं बटण लाल खुणेकडे फिरवलं. गार वारा आला. येणारच. मागे एकदा हीटरची जाळी गळायला लागली होती. गाडी गरम झाली की इंजिनातलं तापलेलं पाणी जिच्यातून फिरतं, ती ही जाळी, रेडिएटरचं पिल्लूच. सुंदराच्या पायाखालचं पायपुसणं भिजलं, तेव्हा गॅरेजवाल्या भूपेंद्रभाईनं जाळीकडे जाणारे दोन्ही पाइप एकमेकांना जोडून टाकले; जाळीत पाणी जाणंच थांबलं. सुरतेत हीटर कोणाला लागतो? तेव्हा धुडकूही हसला होता.

उष्णतेचा त्याला वीटच होता. पांडेसऱ्याच्या रंगाईच्या कारखान्यात तो स्टेंटरवर होता. रंगवलेलं ओलं कापड ताणून धरून गरम हवेतून वाळवत नेणारं ते लांबलचक मशीन. उभी हयात त्याच्या तोंडाशी गेली. घरी आला की मोरीत बसून डोक्यावर बादली ओतायचा. रिटायर झाल्यावर ही जुनी गाडी घेतली ती निव्वळ तिच्या एसीसाठी, असं सुंदरा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

दुसऱ्या दिवशी तो गॅरेजवर गेला.

"काका, आखुं डॅशबोर्ड बहार काढवुं पडे," भूपेंद्रभाई म्हणाला. "आटली नानी जाळी माटे? वायरिंग तुटी जाय तो? काकीने बे ब्लँकेट ओढाडो."

"ब्लँकेटनं होत नाही रे भाई."

त्याच्या आवाजात काहीतरी असावं. भूपेंद्रभाईनं पुढे वाद घातला नाही. काम अंगावर घेतलं नाही, पण नवी जाळी मागवून दिली आणि कुठले स्क्रू आधी काढायचे ते सांगितलं.

शुक्रवारी सकाळी गोडादऱ्याच्या गल्लीत, आपल्या दारासमोर, धुडकूनं गाडी उघडली. सोमवारपर्यंत डायलिसिस नव्हतं. रेडिएटरमधलं कूलंट घमेल्यात काढून घेतलं. स्क्रू वाट्यांमध्ये ठेवत गेला. घरातल्या वाट्या संपल्या तशी सुंदरानं दिवाळीच्या पणत्या काढून दिल्या. उंबऱ्याशी खुर्ची टाकून ती बघत बसली होती. एक क्लिप तुटली, मग दुसरी. दुपारी सबंध डॅशबोर्ड ओट्यावर आला, आणि गाडीत नुसत्या वायरींचं जंजाळ उरलं. हे परत जागेवर बसेल का, त्याला ठाऊक नव्हतं.

तो सीटखाली उताणा होऊन, डोकं आत घालून पाइपाची पकड ढिली करत होता, तेव्हा ती बोलली.

"आयका ना. माले आते तठे नही जानं."

"कोठे?"

"मशीनवर. बास व्हयनं आते."

त्याचा पाना थांबला. आतून त्याला तिचे फक्त पाय दिसत होते. सुजलेले, मोजे घातलेले.

"हीटर लागी जाऊ दे," तो म्हणाला. "मंग देख. हीव लागावच नही."

"हीव लागस म्हनीसन नही म्हनी राहयनी मी." ती शांतपणे म्हणाली. "जीव कटाळना मन्हा."

गल्लीतून भाजीवाल्याची हाक गेली. धुडकूनं पाना पुन्हा पकडीला लावला. तिनं त्याचं तोंड दिसत नसतानाच हे बोलायचं ठरवलं होतं, हे त्याला कळलं. तेच बरं होतं. डोळ्यांच्या कडांतून पाणी कानात उतरत होतं आणि हात काळे असल्यामुळे ते पुसताही येत नव्हतं.

"एक डाव ये," अखेर तो म्हणाला. "एक डाव हीटर लाईसन लई जासू. नंतर तू म्हनशी तसं."

थोड्या वेळानं मोजे घातलेले पाय उठून आत गेले आणि चहाचं भांडं वाजलं.

रविवारी संध्याकाळी डॅशबोर्ड कसाबसा जागेवर बसला. दोन स्क्रू उरले, स्पीडचा काटा मेला तो मेलाच. इंजिन चालू केलं, तर हीटरमधून गारच वारा. मग धुडकूला आठवलं, भूपेंद्रभाई म्हणाला होता, पाण्यात हवा अडकते. त्यानं इंजिन थंड होऊ दिलं, रेडिएटरचं झाकण उघडून पुन्हा चालू केलं आणि बुडबुडे संपेपर्यंत कूलंट भरत उभा राहिला. आत जाऊन हात धरला. ऊब होती.

सोमवारी डायलिसिसनंतर त्यानं तिला पुढच्या सीटवर बसवलं. लिंबायतच्या पुलाखाली गाड्या अडकल्या होत्या. गरम वारा तिच्या पायांवर, पोटावर येत होता. तिनं आधी शाल काढली, मग चादर. धुडकूच्या कपाळावरून, हनुवटीवरून धारा लागल्या होत्या, सदरा अंगाला चिकटला होता. शेजारचा रिक्षावाला बंद काचेतून त्याच्याकडे बघत राहिला.

"तुमनी काच तरी उघडा," सुंदरा म्हणाली.

"माले काय व्हस? माले सवय शे."

ती हसली. तळहात वाऱ्यासमोर धरून बसली आणि घर येईपर्यंत तिला झोप लागली. त्यानं दारात गाडी थांबवली, इंजिन बंद केलं नाही. ती जागी होईपर्यंत तसाच बसला.

त्यानंतर ती एक डाव नाही, सगळा भादवा आणि नवरात्र जात राहिली. त्याच्यासाठीच जात होती, हे दोघांनाही माहीत होतं. कोजागिरीनंतरच्या गुरुवारी त्यानं शाल काढून दारात ठेवली, तेव्हा ती उठली नाही. त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्यानं शाल घडी करून परत ठेवली.

नंदुरबारहून मुलीचा, चंचलचा, फोन आला. "नाना, तुम्ही तिले मशीन सोडू कसं दिधं? गाडीमा बसाडीसन लई जा ना!" ती रडत होती. "तू लवकर ये बेटा," धुडकू एवढंच म्हणाला.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता थोडेच दिवस. ते दिवस सुंदरानं एका कामाला लावले. स्वयंपाकघरात खाट टाकून घेतली आणि उशीला टेकून धुडकूला कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरी शिकवू लागली. त्यानं जन्मात कधी पिठात हात घातला नव्हता.

"पानी जास्त व्हयनं. पीठ घाला."

"आते?"

"आते मळा. हातना खालना भागघाई जोर द्या."

पहिल्या दिवशीच्या भाकरी तव्यावर तुटल्या. दुसऱ्या दिवशी जाड झाल्या, आतून कच्च्या. त्या त्यानं मिरचीच्या ठेच्याबरोबर मुकाट्यानं खाल्ल्या. तिचा आवाज रोज बारीक होत चालला, तसा तो खाटेजवळ सरकून परात मांडू लागला. चंचल यायच्या आदल्या सकाळी तिला बोलायलाही धाप लागत होती. ती नुसती बोटांनी दाखवत होती. हळू. अजून. फिरवा.

त्यानं भाकर तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, उलटली, मग तवा उतरवून सरळ आचेवर धरली. भाकर एका कडेनं उचलली गेली, आणि बघता बघता टम्म झाली.

धुडकू चिमटा धरून वळला. तिचे डोळे मिटलेले होते. पण वासावरून तिला कळलं असावं.

"फुगनी?" तिनं विचारलं.

"फुगनी," तो म्हणाला.