विटांवर चढलेला पाट

इकडेतिकडे शोधू नका मित्रांनो, खाली बघा. रंगाचे ठिपके पडून पडून ज्याचा मूळ रंग आता कुणालाच आठवत नाही, तो गोल लाकडी पाट म्हणजे मी. पेणजवळच्या एका गावात गणपतीच्या कारखान्यात माझा मुक्काम असतो. माझ्यावर मूर्ती ठेवतात आणि रंगवणारा माणूस जागचा न उठता मला फिरवतो. देव चारी बाजूंनी दिसावा, एवढंच माझं काम. मी जरा मिजासखोर आहे, हे आधीच सांगून टाकतो. जन्मभर ज्याच्या डोक्यावर गणपती बसला, त्याने मिजास नाही करायची तर कुणी करायची?

मला घडवलं दाजी सुताराने. खाली सागाची जाड चौकोनी फळी, वर गोल फळी आणि मध्ये मोडीत निघालेल्या रिक्षाचं बेअरिंग. कारखान्याचे मालक बाबाजी यांनी मला पहिल्यांदा फिरवलं तेव्हा मी एवढा गरगर फिरलो की त्यांच्या हातातला चहाच सांडला. "अरे, पाट हाय का भोवरा!" असं म्हणून ते खो खो हसले. तेव्हापासून मी त्यांचा लाडका झालो.

बाबाजींचे दोन नियम होते. पहिला असा की रंग ओला असेपर्यंत मूर्तीला हात लावायचा नाही आणि तिला पाटावरून हलवायचीही नाही. दुसरा नियम डोळ्यांचा होता. डोळे आखायचे तर एका हाताने आणि एका बैठकीत. शिवाय देवाचा चेहरा आखणाऱ्याच्या वर असला पाहिजे. "देवाकडं मान वर करून बघायचं. खाली बघून डोळं आखशील तर देव कसा बघल तुझ्याकडं?" असं ते म्हणायचे. म्हणून गावचा गणपती आखायला घेतला की माझ्याखाली विटांचे थर रचले जायचे. मी विटांवर चढलो की सगळ्या कारखान्याला कळायचं, आज आखणी आहे.

बाबाजींची सून ठमाबाई. माहेर तिचं निडीचं. लग्न होऊन आली तेव्हा तिला फक्त शाडू मळायला बसवलं होतं. एकदा तिने गंमत म्हणून एका फुटक्या मूर्तीच्या चेहऱ्यावर डोळे काढले. बाबाजींनी ते पाहिले आणि स्वतःचा बारीक ब्रश तिच्या हातात दिला. त्या वर्षापासून गावच्या गणपतीचे डोळे ठमाबाईनेच आखले. बाबाजी गेल्यावर तिचा नवरा पुंडलिक कारखाना बघू लागला, पण डोळे ठमाबाईचेच राहिले. लोक दर्शनाला यायचे आणि म्हणायचे, "बघा, बघा, कुठंही उभं ऱ्हावा, आपल्याकडंच बघतो!" तेव्हा मी मनात म्हणायचो, अहो, फिरवलं कुणी त्याला?

मग एका वर्षी ठमाबाईच्या उजव्या छातीत गाठ निघाली. कॅन्सर. गावात हा शब्द कुणी मोठ्याने उच्चारत नव्हतं. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गळले. ती घरी आली तेव्हा डोक्याला रुमाल बांधलेला होता आणि उजवा हात पोटाशी धरलेला. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. लाकडाला रडता येत नाही, एवढंच.

निघताना डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. जखम सुकेपर्यंत जपा आणि हाताचा हळूहळू व्यायाम करा. पुंडलिक पडला गणपती कारखान्याचा माणूस. 'सुकेपर्यंत' एवढंच त्याच्या कानात शिरलं. ओली मूर्ती हलवायची नाही, हे त्याच्या रक्तात मुरलेलं. त्याने ठमाबाईला खाटेवर बसवलं, हाताखाली उशी दिली आणि घरादाराला ताकीद दिली, "तिचा हात कुणी हलवायचा नाय. सुकू द्या." बिचाऱ्याच्या मनात मायाच होती हो! जखम तर केव्हाच सुकली, पण हात तसाच राहिला. खांदा आखडला, दंड सुजला आणि शेवटी साधा अंबाडा बांधायला म्हणूनसुद्धा तो वर जाईना. अर्थात अंबाड्याला तेव्हा केसही नव्हते म्हणा.

माझीही अवस्था काही वेगळी नव्हती. मला ठमाबाईच्या खाटेसमोरच्या कोपऱ्यात सारलं, माझ्यावर रंगाचे डबे रचले. एक कोंबडी तर अंडी घालायला जागा बरी आहे का, हे बघून गेली. जिथे गणपती बसला तिथे कोंबडी! आणि एक दिवस पुंडलिकचा पुतण्या कान्हू म्हणाला, "काका, औंदा गावच्या गणपतीचं डोळं मी करतो. स्प्रे मारून." आतल्या खाटेवर ठमाबाईने ते ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

अशा वेळी आमच्याकडे पारी आली. रोह्याजवळच्या आदिवासी वाडीतली ही पोर शिकून रोह्याच्या एका मदत केंद्रात कामाला लागली होती. कॅन्सर झालेल्यांच्या घरी जायचं, त्यांना काय हवं-नको ते बघायचं आणि डॉक्टरांशी बोलून ज्याला जसं झेपेल तसं शिकवायचं, हे तिचं काम. गाडीने पेणला उतरून मिनिडोर रिक्षाने गावात यायची. बसायला जागा शोधताना तिने माझ्यावरचे डबे उतरवले आणि सरळ माझ्यावर बसली. मी सवयीप्रमाणे फिरलो, आणि पारीबाई तोंड खाटेकडे असताना गर्रकन भिंतीकडे वळल्या. कित्येक दिवसांनी ठमाबाई हसली. ते हसू माझ्यामुळे, हे लक्षात असू द्या.

"काकी, काय खावंसं वाटतं तुम्हाला?" पारीने विचारलं.

ठमाबाई तिच्याकडे बघतच राहिली. "पोरी, काय खाऊ नको ते सगळा गाव सांगून गेला. काय खाऊ वाटतं, ते कुणी इचारलंच नाय गो." मग आवाज बारीक करून म्हणाली, "जिताड्याचं कालवण. पण तोंड आलंय, झोंबतं."

पारी दारातल्या पुंडलिककडे वळली. "मग तिखट नावापुरतं घाला, पातळ करा आणि भात मऊ शिजवा. आणि काका, मासा नीट शिजू द्या." त्या दिवशी ठमाबाई पोटभर जेवली.

पुढच्या खेपेला पारीने हाताचं विचारलं. भिंतीवर बोटं चालवत वर न्यायचा व्यायाम तिने दाखवला. ठमाबाईने दोनदा केला आणि चिडली. "मी काय पाल हाय भिंतीवर चढाया?"

"बरं, मग या हाताने काय करायचंय तुम्हाला?"

ठमाबाईने कोपऱ्यात बोट दाखवलं. थेट माझ्याकडे! "त्या पाटावर गावचा गणपती बसंल. त्याचं डोळं आखायचंत मला."

पारीने माझं फिरणं आणि बाबाजींचा नियम नीट समजून घेतला. रोह्याला जाऊन फिजिओथेरपी करणाऱ्या बाईंशी बोलली आणि परत आली ती युक्ती घेऊनच. मला धुतलं, तेल दिलं आणि बिनविटांचं जमिनीवर ठेवलं. वर एक लहान मूर्ती. "आज फक्त पायाची बोटं रंगवा, काकी. दुखलं की थांबायचं. जड काही उचलायचं नाही."

पायाची बोटं झाली, पितांबराचा काठ झाला. हात थोडा मोकळा झाला की माझ्याखाली विटांचा एक थर यायचा. मग सोंड, मग कान. कधी हात सुजायचा आणि थर उतरायचा. त्या दिवशी ठमाबाई रडायची, पारीला नाही नाही ते बोलायची. पारी ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "उतरू दे. वीट कुठं पळून जात नाय." हळूहळू मी पुन्हा चढलो. भिंतीवरची पाल व्हायला तयार नसलेली बाई मुकुटापर्यंत केव्हा पोचली, तिचं तिलाही कळलं नाही.

आखणीचा दिवस उजाडला. गावचा दीड हात उंचीचा गणपती माझ्यावर बसला. पारी मुद्दाम आली होती. रुमालाखाली आता मऊ, आखूड केस उगवलेली ठमाबाई समोर मांडी घालून बसली. तिने ब्रश उचलला आणि खाली ठेवला.

"विटा कोणी काढल्या?"

ती पुन्हा म्हणाली, "देव खाली नि मी वर? एक थर कमी हाय. कोणी काढला?"

पुंडलिकने मान खाली घातली. "अगो, मीच. तुला तरास नको म्हणून."

"माझ्या हाताचा तरास तुम्ही ठरवणार? मला इचारलंत का?" ठमाबाईचे डोळे भरून आले. "सगळ्यांनी मिळून मला ओली मूर्ती करून ठेवलीत. मी सुकलेय आता. लावा वीट!"

पारी हळूच म्हणाली, "काका, काळजी करा, पण विचारून करा."

विटा लागल्या. मी वर चढलो. ठमाबाईने मान वर केली आणि हात उचलला. पहिला डोळा उतरला, काय सांगू, अगदी जिवंत! पण मग हात भरून आला आणि ब्रश खाली आला. कान्हू पुढे सरकला. "काकी, दुसरा मी करू? बैठक तर मोडायची नाय."

"बस खाली," ठमाबाई म्हणाली. "बैठक उठल्यावर मोडते. मी उठले का? चहा आण."

सासऱ्याचा नियम असा कुणी वाकवलेला मी कधी पाहिला नव्हता! तिने मांडीवर हात टेकवून निवांत, फुंकर मारमारून चहा प्यायला. पुंडलिक बशी धरून बसला. देव एका डोळ्याने बघत थांबला. मग तिने पुन्हा हात उचलला आणि दुसरा डोळा आखला.

पुंडलिकने मला हळूच फिरवलं. देवाने कान्हूकडे पाहिलं, पारीकडे पाहिलं आणि शेवटी ठमाबाईसमोर मी थांबलो. खरं सांगतो, मी आपणहूनच थांबलो.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी गावचे लोक मूर्ती न्यायला टेम्पो घेऊन आले. मी रिकामा झालो. दारातून मला सगळं दिसत होतं. "गणपती बाप्पा" असा पुकारा झाला आणि शंभर हात वर गेले. त्यांत एक हात होता ठमाबाईचा. उजवा. पार डोक्याच्या वर, बोटांना अजून डोळ्यांचा काळा रंग लागलेला. "मोरया!" तिचाच आवाज सगळ्यांत मोठा होता.

ती अजूनही तपासणीला मुंबईला जाते, आणि पारीची मिनिडोर आता पुढच्या गावातही थांबते. तिथे काळुराम म्हणून एकजण आहे, त्याला चित्रं नाहीत, भजनं आवडतात. पारी त्याच्याबरोबर टाळ वाजवते म्हणे.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी आजारी असेल तर त्याच्याजवळ बसा आणि आधी विचारा, तुला काय हवंय? मग वीट लावा किंवा काढा. आणि कोपऱ्यात एखादा जुना पाट दिसला तर त्याच्यावरचे डबे तेवढे उतरवा. कोंबडीचं काय, ती दुसरी जागा शोधेल.