झुलेवाल्याचा पाय

न्हाणीघरात स्टीलचा मग पडला, टण्णकन. बारा दिवसांपासून आमच्या घरात सगळेच हळू चालतात, हळू बोलतात. त्या आवाजानं माझ्या हातातली पोळी तव्यावर वाकडी पडली. तशीच धावले.

अवनी भिंतीपाशी उकिडवी बसली होती. "आई, मी याले धरलं तं यानं पायच सोडून देल्ला!"

तिच्या तळहातावर केसासारखा बारीक, लांब पाय. एकटाच. आणि तो हलत होता. भिंतीवर डाळीच्या दाण्याएवढा, कोळ्यासारखा एक जीव उरलेल्या सात पायांवर झुलत निघाला होता.

"फेक तो!" मी ओरडलेच.

"काय झालं वं?" पुढच्या खोलीतून माझ्या नवऱ्यानं, नितेशनं विचारलं.

बारा दिवसांपूर्वी संत्र्याच्या कॅरेटची ट्रॉली उलटली, तिच्याखाली नितेशचा उजवा पाय सापडला. अमरावतीला डॉक्टरांनी तो गुडघ्याखालून कापला. माझ्या सासऱ्यांनी, नत्थुजींनी, तो मागून घेतला. "आपल्या पोराचा हाय. परक्या गावात काहून टाकाचा?" पांढऱ्या कापडात गुंडाळून आणला आणि बागेत संत्र्याच्या झाडाखाली पुरला. यातलं काहीच अवनीला सांगायचं नाही, असं ठरलं. नितेश कमरेपर्यंत चादर ओढून पडून असायचा. तिला दारातूनच पाहायचा. "पोरगी मले पाहून भ्याली तं?" एवढंच मला विचारायचा.

मी अडवायच्या आत अवनी तो पाय मुठीत घेऊन नितेशच्या खाटेपाशी पोचली. मूठ उघडली.

नितेशनं मान उचलून पाहिलं. "झुलेवाला हाय हा. लहानपणी आमी असंच म्हनो. बागेतल्या इहिरीत शंभर-शंभर चिकटून झुलत. कोनं धरलं का पाय सोडते अन् पयते."

"काहून?"

"जीव वाचवाले."

"मंग नवा पाय येते?"

"नाई येत. सातावर चालते."

आणि त्यानं स्वतःच चादर बाजूला केली. मी चौकट घट्ट धरली.

अवनीनं पट्टी पाहिली. वाकून, नीट. "त्याचे सात उरले. तुया तं एकच हाय, बाबा."

नितेश हसला. बारा दिवसांत पहिल्यांदा. "शिकीन ना मी. तू धरशील का मले?"

"धरीन. पन जोरात नाई."

मी स्वयंपाकघरात आले. पोळी जळून काळी झाली होती. मागोमाग अवनी आली, तळहात तसाच पुढे धरून.

"आई, आता हा हलत नाई." मग अगदी हळू म्हणाली, "आजोबानं संत्र्याखाली बाबाचा पाय पुरला ना. मी पाह्यलं. तवा त्याचं हलनं थांबलं होतं का?"