पलीकडे कुणी नसलेला फोन

सकाळी रंगमंदिराचे मागचे दार उघडते, तेव्हा आत आदल्या दिवसाच्या पावडरचा वास अजून रेंगाळत असतो. रंगसाहित्य सांभाळणाऱ्या काकू चपला दाराशी काढतात, खिडकी उघडतात आणि पिवळे फडके झटकून कामाला लागतात. आधी कंदील, मग फुलदाणी, मग ती जाडजूड पुस्तके, ज्यांच्या आत नुसता पुठ्ठा आहे. सर्वांत शेवटी माझी पाळी. माझी तबकडी त्या एकदा फिरवून पाहतात, कुरकुरली तर तेलाचा थेंब देतात आणि म्हणतात, "झालं. आता बस नवरदेवासारखा."

मित्रांनो, मी एक जुना काळा टेलिफोन आहे. माझी वायर टेबलाच्या पायापर्यंत जाते आणि तिथेच संपते.

पूर्वी असे नव्हते. एका कचेरीत मी खरोखरचे आवाज वाहून नेले. कुणाला मुलगी झाल्याचे सांगितले, कुणाची बदली कळवली. पुढे नवे फोन आले आणि माझी रवानगी जुन्या बाजारात झाली. तिथून काकूंनी मला उचलून आणले. माझी तार कापलेली पाहून मला वाटले, आता आपल्या तोंडाला कायमचे कुलूप लागले.

मग एका प्रयोगात, सगळे ज्यांना ताई म्हणत त्या ज्येष्ठ नटीने मला कानाशी धरले.

नाटकात त्या आई होत्या. परगावी गेलेल्या मुलाचा फोन येतो आणि तो सांगतो की मी आता घरी परतणार नाही. मुलगा रंगमंचावर कधीच येत नाही. त्याचा आवाजही येत नाही. ताई फक्त "बोल" म्हणत, मग ऐकत. "जेवलास का?" म्हणत आणि पुन्हा ऐकत. त्यांची बोटे माझ्या वायरीचे वेटोळे उलगडत राहत. शेवटी "बरं" म्हणून त्या मला इतक्या हळू ठेवत, की जणू मी झोपलेले मूल आहे. माझ्यात काहीही नसे, तरी शेवटच्या रांगेतल्या माणसालाही तो मुलगा ऐकू येत असे. तेव्हा मला कळले, की मी मुका झालो नव्हतो. माझे काम तेवढे बदलले होते.

त्या नाटकाचा पुढे चित्रपट झाला. तिथे कॅमेरा ताईंच्या इतका जवळ आला, की पापणी हलली तरी पुरे होई. मुलाचे काम करणाऱ्या नटाला त्यांनी पाहिलेही नव्हते. त्याचे चित्रण दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या खोलीत झाले. मग कुणीतरी ते तुकडे शेजारी शेजारी जोडले, आणि पडद्यावर आई आणि मुलगा एकमेकांशी बोलू लागले. जे ताई नुसत्या गप्प राहून उभे करीत, ते तिथे जोडणाऱ्याच्या हातांनी उभे केले. दोन्ही खरेच वाटे.

पण चित्रपट पाहिलेले लोक नाटकाला आले आणि विचारू लागले, "मुलाचा आवाज का नाही येत?" नाटकाचा दिग्दर्शक पेचात पडला. त्याने आवाज मुद्रित करून घेतला आणि माझ्या पोटात एक छोटा स्पीकर बसवला.

तालमीत आवाज सुरू झाला. "आई, मी आता येणार नाही..." त्याचे वाक्य अर्धे असतानाच ताई म्हणाल्या, "जेवलास का?"

"ताई, त्याचं बोलणं पुरं होऊ द्या," दिग्दर्शक म्हणाला.

दुसऱ्या खेपेला मुलाचा आवाज थांबला, तरी ताई ऐकतच राहिल्या. ध्वनी सांभाळणाऱ्या भोंग्याने, ज्याला सगळे याच नावाने हाक मारत, खालून म्हटले, "ताई, पोरगं फोन ठेवून जेवायला गेलं की हो."

सगळे हसले. ताईही हसल्या. पण त्यांच्या तळव्याला सुटलेला घाम मला जाणवत होता.

त्यांच्या कानाचे गुपित मला सर्वांआधी कळले होते. मला उचलले की माझ्यातली एक सैल चकती खुळखुळते. पूर्वी ती ऐकून ताईंची भुवई किंचित उडे. एका वर्षी चकती खुळखुळली तरी भुवई हलेनाशी झाली. मग काकू विंगेतून माझी म्हणून घंटी वाजवताना पिवळे फडकेही हलवू लागल्या. इतर नटांचे ओठ दिसत, त्यावर ताईंचे भागे; फक्त सुनेचे काम करणारी नटी पाठमोरी बसे, तेव्हा त्या अंदाजाने बोलत. माझ्यातून येणाऱ्या आवाजाला ओठ नव्हते.

तालीम संपल्यावर दिग्दर्शक समोर येऊन म्हणाला, "ताई, वाईट वाटून घेऊ नका. हे काम उद्यापासून दुसऱ्या कुणाला देऊन बघू का?"

"दे की," ताई म्हणाल्या. "फक्त एकदा तो तुझा आवाज बंद ठेव. मग तू ठरवशील ते."

"आवाजाशिवाय लोक कंटाळतात हो."

"मग तू कंटाळून दाखव."

तो पुढच्या रांगेत अगदी कडेला बसला. तिथून विंग दिसते. घंटी वाजली आणि त्याच क्षणी पिवळे फडके हलले. ताई त्या फडक्याकडे पाहून वळल्या. दिग्दर्शक ताठ झाला. त्याने एकदा काकूंकडे पाहिले, एकदा ताईंच्या कानाकडे.

"बोल," ताई म्हणाल्या. मग ऐकू लागल्या. बोटे वायरीवर फिरत राहिली. सभागृहातला पंखासुद्धा दबकून फिरतो आहे असे वाटले.

बटणावर बोट ठेवून बसलेल्या भोंग्याने दिग्दर्शकाच्या कानाशी विचारले, "रडतंय का हो ते पोरगं?"

दिग्दर्शकाने त्याचे बोट बटणावरून उचलून बाजूला केले.

मित्रांनो, रंगमंचावर किंवा पडद्यावर कुणी गप्प झाले, तर चुळबूळ करू नका. ती जागा तुमच्यासाठी राखलेली असते. आणि एखादे माणूस पूर्वीसारखे ऐकू शकत नसेल, तर त्याला बाजूला सारण्याआधी ते कसे ऐकते, हे नीट पाहा.

ताईंनी मला हळू खाली ठेवले. दिग्दर्शक वर आला. काकूंकडून पेचकस घेऊन त्याने माझ्या पोटातला स्पीकर काढला, त्याची तार बोटांवर गुंडाळली आणि भोंग्याच्या हातात दिली. मग सुनेचे काम करणाऱ्या नटीची खुर्ची, जी इतके दिवस ताईंकडे पाठ करून असे, त्याने उचलली आणि ताईंना तिचा चेहरा दिसेल अशी वळवून ठेवली.