फुंकरबाईचा हातगुण

जेवणाची सुट्टी झाली की आमच्या शर्टांच्या कारखान्यात कँटीनपेक्षा मोठी गर्दी काज-बटणाच्या एका टेबलाभोवती व्हायची. त्या दिवशी स्टुलावर इस्त्रीवाला बसला होता. चार दिवस त्याची मान आखडलेली. समोर त्याच टेबलावर बटणं लावणारी बाई; तिला सगळे फुंकरबाई म्हणत. तिनं पाण्याच्या ग्लासावर तीनदा फुंकर मारली आणि आवाज चढवला, “दुखण्या, ऊठ! या मानेत तुला जागा नाही! पी रे बाबा, आणि डोळे मिटून बस.”

सुट्टी संपल्याची घंटा झाली तेव्हा इस्त्रीवाल्यानं मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. टाळ्यांचा कडकडाट झाला. फुंकरबाईच्या वाट्याचे शर्ट त्या दिवशी चौघींनी मिळून पुरे केले. रोजच करत.

मी त्याच कारखान्याची नर्स. प्रथमोपचाराच्या खोलीत अकरा वर्षं बसतेय. आता तिथं चिटपाखरू फिरकेना. तेही सोसलं असतं, पण त्या रांगेत रोज माझा नवराही उभा असायचा. तो कटिंग मास्टर, खांदा दुखायचा. वर्षभर मी शेक दिला, व्यायाम शिकवला, तर “बघू” म्हणायचा. आणि घरी येऊन मलाच सांगतो, “अगं, काय हलका हात आहे तिचा!”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवसापासून मी दाराआडून पाळत ठेवली. निव्वळ मत्सरापोटी, खोटं कशाला बोलू? फुंकरबाई प्रत्येकाला विचारायची, “जेवलास ना? माझी फुंकर रिकाम्या पोटी झेपत नाही.”

मी चमकले. हे वाक्य माझं! वेदनाशामक गोळी देताना मी अकरा वर्षं हेच बजावत आले होते. पण हातात पुरावा नव्हता.

पंधरा दिवसांनी नवरा सकाळी संडासातून बाहेर आला आणि भिंतीला धरून खाली बसला. शौचाला डांबरासारखं काळं झालेलं. इस्पितळात दुर्बीण घालून पाहिलं, तर जठरात जखम, त्यातून रक्त.

“कोणत्या गोळ्या घेता?” डॉक्टरांनी विचारलं.

“एकही नाही. फक्त फुंकर.”

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. “ही जखम रोजच्या वेदनाशामक गोळ्यांची दिसते.”

दुसऱ्या दिवशी सुट्टीत मी त्या गर्दीत शिरले. “बाई, आज ग्लास इस्त्रीवाला भरेल, नळावर. तुम्ही नुसती फुंकर मारा.”

“ही जळते माझ्यावर!” फुंकरबाई ओरडली. “नवरा मला मानतो ना!”

सगळे हसले. माझे कान तापले.

“हो, जळते,” मी म्हणाले. “म्हणून माझ्यावर विश्वास ठेवूच नका. घड्याळ लावा आणि स्वतः बघा.”

इस्त्रीवाल्याची मान पुन्हा धरलीच होती. तो पाणी प्यायला. दहा मिनिटं, वीस, तीस. मान जागची हलेना.

“हिच्या नजरेनं शक्ती अडली,” फुंकरबाई म्हणाली आणि तिचा हात बटणांच्या डब्याकडे गेला. इस्त्रीवाल्यानं तो आधी उचलला आणि टेबलावर उपडा केला. बटणांबरोबर गोळ्यांची रिकामी पाकिटं पडली, आणि पांढऱ्या भुकटीच्या पुड्या. त्यानं जिभेवर कण ठेवला आणि थुंकला. “कडू जहर! हिच्या पाण्याची हीच चव!”

“दुखणं थांबायचं ना पण?” ती पुटपुटली.

“थांबायचं नाही, नुसतं कळेनासं व्हायचं,” मी म्हणाले. “दुखावलेल्या जागी एक द्रव्य तयार होतं. त्यानं तिथल्या नसा हळव्या होतात, मेंदूला निरोप धाडतात, तेव्हा आपल्याला दुखतं. गोळी ते द्रव्यच बनू देत नाही. पण तसलंच द्रव्य पोटाचं अस्तरही जपतं. रोज गोळी पोटात गेली की तेही बनत नाही आणि अस्तर उघडं पडतं. माझ्या नवऱ्याचं तेच झालं.”

चार बायकांनी आपापल्या पोटावर हात ठेवला.

नवरा बरा झाला. परवा व्यायाम करता करता म्हणाला, “हात मात्र हलका होता हं तिचा.” मी अजून जळते. पण गोळी वाईट नाही, लपवलेली गोळी वाईट. कुणी काही प्यायला दिलं, तर त्यात काय आहे ते विचारा. सांगायला तयार नसेल, तर पिऊ नका, मग देणारी मी असले तरी.