समजून द्या

माझ्या दुकानात दराचा फलक नाही. मी पेट्या दुरुस्त करतो, भजनात वाजतात त्या. गेली चौतीस वर्षं. रत्नागिरीत नि आसपासच्या वाड्यांत जिचा भाता फाटला, पट्टी अडकली किंवा सूर उतरला, ती पेटी शेवटी माझ्याच टेबलावर येते. काम झालं की गिऱ्हाईक विचारतं, "किती झाले, अण्णा?" आणि मी म्हणतो, "समजून द्या." या दोन शब्दांवर माझं घर चाललं, मुलीचं लग्न झालं आणि गावभर साधू माणूस म्हणून नाव झालं. पैसे मी कधी मोजत नसे. गिऱ्हाइकासमोर नोटांची घडी न उघडता खणात टाकायचो. बोटांना घडीची जाडी कळते, ही गोष्ट वेगळी.

यात विघ्न आलं ते घरातूनच. वैदेही माझ्या धाकट्या भावाची मुलगी. पुण्यात लोकांना वेबसाइट बनवून देते. मे महिन्यात आंबे खायला आली आणि आमरसाची वाटी संपायच्या आत तिने माझी साइट काढायला घेतली. नाव 'स्वरसेवा'. वर माझा फोटो, त्यात मी पेटीकडे असा बघतोय की जणू ती आत्ता बोलणार आहे. फोटोखाली 'तीन दशकांची साधना'. इथवर माझी काही तक्रार नव्हती.

"काका, आता दर सांग," ती म्हणाली.

"दर कसला? लोक समजून देतात."

"समजून म्हणजे किती?"

"ज्याची जशी समज."

"अरे, साइटवर माणूस आधी दर बघतो. दिसला नाही तर दुसरीकडे जातो. फोन करून विचारायची लाज वाटते लोकांना."

"जातो कुठे? माझ्याशिवाय आहे कोण इथे?"

मग मी तिला नीट समजावलं. दर लिहून लावायला मी काय वडापावची गाडी टाकलीय? ही कला आहे. पेटीपेटीत फरक असतो, माणसामाणसांत फरक असतो. शेकड्यांनी कलमं असलेला बागायतदार आणि वाडीवरचं भजनी मंडळ यांना एकच दर लावायचा, हा कुठला न्याय? मोठ्याकडून चार पैसे जास्त घ्यावेत, गरिबाला सांभाळून घ्यावं. माझं बोलणं मला नेहमीच पटतं.

"छान," वैदेही म्हणाली. "मग मोठ्यांकडून किती घेतोस?"

मोठे म्हणजे आमचे सागरशेठ. तीन बागा, दोन गाड्या आणि नाट्यगीतांचा शौक. दर वर्षी त्यांची पेटी येते. शेठ खुर्चीत बसतात, मी चहा मागवतो, ते एखादं पद म्हणून दाखवतात आणि मी तेही सोसतो. जाताना पंधराशे रुपये ठेवून म्हणतात, "अण्णा, तुम्हाला पैशाचा मोह नाही, म्हणून तुमच्याकडे यायला बरं वाटतं." यावर मी काय बोलणार?

पंधराशे सांगायची मला वैदेहीसमोर लाज वाटली. दोन हजार म्हणावं तर शेठ बिथरतील. शिवाय पुण्या-मुंबईची माणसं बघणार, त्यांनी म्हणायला हवं की कोकणात अजून अशी माणसं शिल्लक आहेत. तेव्हा मी अठराशे सांगितले. वैदेहीने टाकलं, 'पेटीची संपूर्ण दुरुस्ती व सूर लावणे : रु. १८००'. वाडीवरची मंडळं किती देतात हे तिने विचारलं नाही, आणि मी आपणहून सांगितलं नाही.

दोन महिन्यांत साइट बघून तीन फोन आले. दोघांना काम हजारात हवं होतं. तिसरे खुद्द सागरशेठ. "अण्णा, ते अठराशे बाहेरच्यांसाठी ना?" मी हो म्हणालो.

श्रावणात रघूबुवा आले. संगमेश्वराच्या पुढे आत एक वाडी आहे, तिथल्या भजनी मंडळाचे हे बुवा. भातलावणी आटोपली की एसटीने पेटी मांडीवर घेऊन येतात, गणपतीच्या आधी घेऊन जातात. बरोबर पिशवीत परसातलं एखादं तवसं, पावसाळी काकडी, असतंच, चांगलं हातभर लांब. या खेपेला पिशवी नव्हती. त्यांनी पेटी टेबलावर ठेवली आणि बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"अण्णा, तुमी पेटीचे किती घेता?"

चौतीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी काम व्हायच्या आधी विचारला नव्हता. मी काही म्हणायच्या आत त्यांनी मोबाइल पुढे केला. त्यावर माझा तो फोटो, खाली अठराशेचा आकडा आणि त्याच्याखाली मंडळाच्या ग्रुपवर समर्थने लिहिलेली ओळ, 'बुवा, दर वर्षीचे वरचे सातशे कुठं जातात?' समर्थ त्यांच्याच वाडीतला, मुंबईत कुरियर कंपनीत आहे.

रघूबुवा मला दर वर्षी अडीच हजार देत होते. घरटी वर्गणी काढून, मंडळाच्या वहीत तसे लिहून. वही त्यांच्याकडेच असायची. आता वाडीने बैठक घेऊन ती काढून घेतली होती.

"गनपतीत मी पेटीवर बसायचां नाय, असां ठरलां," ते म्हणाले. "बावीस वर्षां वाजवतोय मी. माजी लेक ज्ञानेश्वरी नळावर जायची बंद झालीय. बाया बोलतात, बुवान पेटीतला खाल्लान."

मला घाम फुटला आणि घाम फुटला की मला राग येतो. "पण तुम्ही अडीच हजार दिलेत कशाला? मी मागितले होते?"

"नाय मागितलेत," ते शांतपणे म्हणाले. "मी दोन हजार दिले, त्या वर्षी तुमी 'बरं' बोललात नि पाठ केलीत. पुढल्या वर्षी अडीच दिले. तवा खुर्ची दिलीत, चाय मागवलीत. मंग आमी समजलो."

मला हे आठवत नाही, असं मला म्हणायचं होतं. पण आठवत होतं. सागरशेठांना पंधराशेतही चहा मिळतो, हे त्यांना ठाऊक नसावं. असलं तर ते बोलले नाहीत.

मग मी माझ्या परीने मार्ग काढले. आधी म्हणालो, "अडीच हजारांची पावती देतो. विशेष काम केलं असं लिहू."

"विशेष काय केलांत?"

मी वैदेहीला फोन लावला. म्हटलं, दर अडीच हजार करून टाक, आत्ताच्या आत्ता.

"दोन मिनिटांत करते," ती म्हणाली. "पण त्यांच्या ग्रुपवर जो फोटो गेलाय त्यात अठराशेच राहणार. आणि काका, मग तुझे ते शेठ अडीच हजार देणार का?"

"राहू दे मग आहे तसं," असं म्हणून मी फोन ठेवला. रघूबुवा समोरच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"तुमी वाडीत येऊन सांगा," ते म्हणाले.

"सगळ्यांसमोर?"

"माजां नाव सगल्यांसमोरच गेलांय, अण्णा."

ती पेटी मी चार दिवस घेऊन बसलो. भाता नवा घातला, प्रत्येक सूर काढून साफ केला, फुगलेल्या पट्ट्या घासून सरळ केल्या. अडीच हजार घेऊन मी असं काम इतक्या वर्षांत एकदाही केलं नव्हतं. लाज वाटायला लागली की हात चांगला चालतो, एवढं मला त्या चार दिवसांत कळलं.

गणपतीला आठवडा राहिला तेव्हा मी पेटी मांडीवर घेऊन एसटीत बसलो. वाटेत भाषण तयार केलं. त्यात कला होती, गुरू होते, पैशाला गौण मानणारी परंपरा होती. हातखंब्याच्या थांब्याला मला ते फार आवडलं होतं. संगमेश्वर येईतो त्यातलं बरंच गळालं.

वाडीतल्या देवळाच्या मंडपात सगळे जमले होते. समर्थ गणपतीसाठी रजेवर आलेला. रघूबुवा खांबाला टेकून एका बाजूला बसले होते, पेटीपासून लांब. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "कला ही अशी गोष्ट आहे की..."

"आकडा सांगा, अण्णा," समर्थ म्हणाला.

"दर अठराशे," मी म्हणालो. "बुवांनी मला दर वर्षी अडीच हजार दिले. वहीत लिहिलंय ते सगळं खरं आहे. बुवांनी एक रुपयाही खाल्ला नाही."

पुढेच गंगुबाई बसल्या होत्या, वाडीतल्या सगळ्यांत वडील. त्यांनी विचारलं, "मंग खाल्लान कोनी?"

आयुष्यात पहिल्यांदा मला 'समजून घ्या' म्हणता आलं नाही.

"मी," म्हणालो.

मग समर्थ उठला, घरातून वही घेऊन आला आणि रघूबुवांच्या हातात दिली. "चुकलां, बुवा," एवढंच म्हणाला. रघूबुवांनी वही उघडून बघितली नाही. उठून पेटीपाशी जाऊन बसले, भाता उघडला आणि एक सूर धरून ठेवला. सूर स्वच्छ होता. मला रडू आलं, आणि मी चष्मा पुसायचं नाटक केलं.

मी खिशातून पाकीट काढलं. "गेल्या पाच वर्षांचे वरचे आहेत यात. आणि यंदाचं काही नको."

"ते ठेवा," रघूबुवा म्हणाले. "ते आमी समजून दिलेले. आनि यंदाचे का नको? दर हाय ना?"

त्यांनी पाचशेच्या तीन आणि शंभराच्या तीन नोटा एकेक करून माझ्यासमोर ठेवल्या. मग म्हणाले, "पावती द्या." माझ्याकडे पावतीपुस्तक नव्हतं, कधीच नव्हतं. वहीच्या शेवटच्या पानावर 'रु. १८०० मिळाले' असं लिहून मी खाली सही केली. माझं अक्षर इतकं वाईट आहे हे मला ठाऊक नव्हतं.

"पुढल्या वर्षी येणार ना, बुवा?"

"बघू. साइटवर बघू."

मी निघायला उठलो, तसं रघूबुवांनी मंडपाबाहेर बघून हाक मारली, "ज्ञानेश्वरी, अण्णांना चाय ठेव." मग माझ्याकडे न बघता पट्ट्यांवर बोटं ठेवत म्हणाले, "आमच्यात सगल्यांना देतात."

चहा आला. साखर जरा जास्त होती, पण मी कप रिकामा केला.