राणीची खोडी

रशियातल्या पेर्म शहरातल्या आमच्या बॅलेत हंगामाच्या शेवटच्या प्रयोगाला ‘हिरवा खेळ’ म्हणतात. त्या संध्याकाळी भर रंगमंचावर एकमेकांच्या खोड्या काढायच्या, फक्त प्रेक्षकांना पत्ता लागू द्यायचा नाही. खोडी काढायची ती लाडक्या माणसाची. नावडत्याच्या वाटेला कोण जातो?

मी तिथला राजा. नाचायचं वय सरलं की आमच्याकडे माणसाला सिंहासनावर बसवतात. शेजारी राणी, कापितोलिना अर्काद्येव्ना. सकाळी मुलींची तालीम हीच घ्यायची. आमच्या मुलींच्या रांगेवर पॅरिस भाळलं, तोक्योत तिकिटांसाठी झुंबड उडाली, ते हिच्यामुळे. पण बाईच्या जिभेला हाड नव्हतं. त्यामुळे हिरव्या खेळात हिला कुणी कधी हात लावला नाही. आणि आज ती निवृत्त होत होती.

“वेन्या, तुझ्या पेल्यात काय आहे रे?” तिनं ओठ न हलवता विचारलं.

“खारवलेला मासा. मुकुटात पीठ. झगा खुर्चीला शिवलाय मेल्यांनी.”

“माझा पेला कोरडाच आहे.”

“सुटलीस की मग.”

“कसली सुटले? जन्मभर ओरडले, पोरी नुसत्या भ्यायल्या. आज तरी वाटलं होतं...”

मला फार वाईट वाटलं. मी हळूच माझा मासा तिच्या पेल्यात सरकवायला गेलो, तर हातावर चापट बसली.

“भीक नकोय मला.”

शेवटचं नृत्य आलं. हिमकन्या झालेल्या मुली प्रेक्षकांकडे पाठ करून सिंहासनापुढे वाकल्या. वाकून माना वर केल्या आणि सगळ्यांनी एकदम कापितोलिनाला जीभ काढून दाखवली. प्रेक्षकांना दिसली दोरी लावल्यासारखी सरळ रांग. टाळ्यांचा कडकडाट झाला.

राणीच्या गालांवरून रंग ओघळत होता.

“झालं समाधान?” मी विचारलं.

“डावीकडून तिसरी,” ती नाक ओढत म्हणाली, “मागे पडली. बघतेच तिला.”

पडदा पडला. शिवलेला झगा खुर्चीवरच सोडून बाईंच्या आधी मीच त्या तिसरीला, झ्लाताला, पडद्याआड गाठलं.

“काय गं, एवढ्या सुंदर खोडीत माती खाल्लीस?”

“मुद्दाम केलं, वेनियामिन ल्वोविच,” ती म्हणाली. “आज ओरडायला काहीच मिळालं नसतं, तर बाई घरी कशा गेल्या असत्या?”